सरांची फटफटी

स्मरणिका समितीतून फोन आला, "तू इतिहासावर लिही." मला हसूच आले. नववीच्या सहामाहीत इतिहासात मी काठावरसुद्धा पास झालो नव्हतो, हे समितीतल्या निम्म्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. "म्हणूनच लिही," असे पलीकडून उत्तर आले.

तेव्हा आदरणीय गुरुजनहो आणि 1984 च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो, पानिपत आणि प्लासी माझ्या आवाक्यातले नाही. एका मोटारसायकलचा इतिहास मात्र मला ठाऊक आहे, आणि ती मोटारसायकल तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. पावणेअकराला ती शाळेच्या फाटकातून आत यायची. तिचा आवाज कोपऱ्यावरच ऐकू यायचा आणि आठवी ते दहावीचे वर्ग कुणी न सांगता चिडीचूप व्हायचे. आपल्या इतिहासाच्या सरांची काळी बुलेट.

सर 2011 साली गेले. त्यानंतर गाडी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. 2022 च्या दिवाळीत मी काकूंना भेटायला गेलो. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला चार महिने झाले होते आणि घरात माझा सगळ्यांना त्रास होऊ लागला होता. काकू बोलता बोलता म्हणाल्या, "भंगारवाला येऊन गेला परवा. किलोवर भाव सांगत होता. मुलगा म्हणतो देऊन टाक. तुझं काय मत?" मी शेडमध्ये जाऊन पाहिले. टायर जमिनीला चिकटलेले, सीटमध्ये उंदरांचे घर, किक जागची हलेना. मी म्हटले, "काकू, भंगारवाल्यापेक्षा मी जास्त देतो. मला द्या."

खरे सांगतो, त्या वेळी माझ्या मनात सरांबद्दल फार काही नव्हते. मला हिवाळ्यापुरता एक उद्योग हवा होता. मोबाईलवर मी जुन्या बुलेटच्या 'क्रूझर' केलेल्या गाड्या बघत असे. लांब हँडल, बुटकी सीट, मागचा मडगार्ड कापलेला, पाय पुढे टाकून बसायचे. तशी एक आपण करावी, एवढीच हौस.

गाडी टेम्पोत घालून मी धुळ्याला नेली. आपल्या 'ब' तुकडीतला, नववीत शाळेची विजेची घंटा दुरुस्त करून शिपाईकाकांची शाबासकी मिळवलेला मित्र तुम्हाला आठवतो. त्याचे आग्रा रोडला लागून गॅरेज आहे. धुळ्यात गॅरेजे का फोफावली, याला भूगोल कारण आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. ट्रक थांबले की फिटर आले, फिटर आले की लेथवाले आले, आणि ट्रकचे काम शिकलेल्या हातांनी फटफट्याही उघडल्या. जळगाव-धुळे नव्वदेक किलोमीटर. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून तीन दिवस एसटीने जात असे. आपल्याकडे असे काम हिवाळ्यातच जमते. मे महिन्यात पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही.

काम सुरू करण्याआधी ही गाडी आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. सर असते तर त्यांनी आधी हेच विचारले असते.

बुलेट मुळात इंग्लंडची. रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने 1932 मध्ये हे नाव पहिल्यांदा वापरले. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरच्या गस्तीसाठी आपल्या सैन्याने 350 सीसीच्या बुलेट मागवल्या. त्यातून मद्रास मोटर्सच्या भागीदारीत 1955 साली एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला सुटे भाग जोडले जात, पुढे सगळेच भाग इथे घडू लागले. 1970 पर्यंत इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली आणि मद्रासची चालू राहिली. साहेबाची गाडी साहेबाच्या देशात संपली आणि आपल्याकडे जगली.

तिच्या जोडीला 1961 पासून म्हैसूरची जावा आली, तीच पुढे येझदी झाली. 1962 पासून फरिदाबादची राजदूत आली, तिचे मूळ पोलंडचे. खान्देशात या तिघींच्या वाटण्या ठरलेल्या होत्या, असे मला लहानपणी वाटे. राजदूत दूधवाल्याची, जावा-येझदी कॉलेजच्या पोरांची, आणि बुलेट फौजदाराची, डॉक्टरची नाहीतर बड्या बागायतदाराची. 1973 मध्ये 'बॉबी' आला आणि त्यातल्या छोट्या राजदूतने पोरांना वेड लावले. 1985 ला शंभर सीसीची हीरो होंडा आली, पेट्रोलचा हिशेब बदलला आणि या तिघींचे राज्य उतरणीला लागले.

आजची पोरे 'मॉडिफाय' म्हणतात ती गोष्टही नवी नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लोकांनी जड मोटारसायकलींचे मडगार्ड कापून त्या हलक्या केल्या. 1969 च्या 'ईझी रायडर' सिनेमाने लांब चिमट्याच्या 'चॉपर' जगभर पोचवल्या. आपल्याकडे 2000 नंतरच्या दशकात मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'सारख्या कारखान्यांनी त्याचा रीतसर धंदा केला. पण त्याच्या कितीतरी आधी आपला दूधवाला राजदूतच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे जोडून चार-चार कॅन वाहत होता. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी तर बुलेटचे मागचे चाक काढून तिथे कोळप्याचा सांगाडा बसवला आणि तिला शेतात घातले. आणि मागच्या चाकाजवळची साडीची जाळी? ती तर आपल्या नियमांतच आहे. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी केलेला तो बदल आपला स्वतःचा.

आता गॅरेजकडे येतो. अकरा वर्षे उभ्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. प्लगच्या भोकातून आम्ही डिझेल आणि ऑइलचे मिश्रण ओतले आणि आठ दिवस हात लावला नाही. मग गाडी चौथ्या गिअरला टाकून मागचे चाक पुढे-मागे हलवत राहिलो. तिसऱ्या दिवशी 'कट्' असा आवाज होऊन चाक वीतभर फिरले. गॅरेजमधली दोन्ही पोरे टाळ्या वाजवू लागली. इंजिन उघडले तर सिलिंडरच्या आत गंजाचा कडा. बोअरिंग करून एक माप मोठा पिस्टन घालावा लागला. व्हॉल्व पेस्ट लावून हाताने घासले, ते काम माझ्याकडे होते. हेडचा एक आटा मी घाई करून घालवला. त्यावर मित्राने ऐकवलेली वाक्ये स्मरणिकेत छापता येणार नाहीत.

गॅरेजमध्ये एक वृद्ध मिस्त्री येत असत, मूळचे मालेगावचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हात आता थरथरतात, म्हणून ते फक्त खुर्चीवर बसून सांगतात. टॅपेट कसे लावायचे ते त्यांनी मला शिकवले. पिस्टन वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व बंद हवेत, मग पुशरॉड चिमटीत धरायचा. तो बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली तसूभरही हलता कामा नये. मापाची पट्टी लागत नाही. अशा गोष्टी शिकवणारी माणसे आता किती उरली आहेत, हा विचार त्या दिवशी मनात येऊन गेला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन तयार झाले आणि माझ्या हौसेची पाळी आली. फ्रेमचा मागचा भाग कापायचा, सीट सहा इंच खाली घ्यायची. मी खडूने खुणा केल्या. मित्र ग्राइंडरकडे बघत म्हणाला, "हाई लोखंड चांगलं शे भाऊ. कापू नको."

आमचा वाद झाला. तो म्हणे, कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आहे, शिवाय 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल करता येणार नाही. मी म्हणे, रस्त्यावर कितीतरी तशा फिरतात. तो म्हणे, 1972 ची गाडी आहे, यंदाच पन्नास वर्षे भरली. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते, पण ती मूळ रूपात असेल तरच. तू कापलीस की संपले. मी म्हटले, पैसे माझे, गाडी माझी. हे बोलायला नको होते. त्याने ग्राइंडर माझ्या हातात दिला आणि चहाला निघून गेला.

कापण्याआधी उजव्या बाजूची हत्यारांची पेटी काढायची होती. तिचे झाकण गंजून बसले होते, ते ठोकून उघडले. आत दोन पाने, एक जुना प्लग, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली खाकी पुठ्ठ्याची छोटी वही. अक्षर ओळखायला अर्धा क्षण लागला. फळ्यावर तीन वर्षे पाहिलेले अक्षर होते.

आधी वाटले पेट्रोलचा हिशेब आहे. तारीख, गाव, जाऊन-येऊन किलोमीटर, पेट्रोल. 1979 ते 1986 पर्यंतच्या साठेक नोंदी. पण हिशेबात न बसणारा एक शेवटचा रकाना होता. काही नोंदींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे नुसती रिकामी जागा. गावे एरंडोल, धरणगाव, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली. तारखा बहुतेक रविवारच्या, आणि बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरच्या.

पाने उलटत गेलो आणि 5 डिसेंबर 1982 ला थांबलो. पुढे माझ्या गावाचे नाव होते. किलोमीटर 58. खूण बरोबरची.

मी नववीत दिवाळीला गावी गेलो आणि परत आलो नव्हतो, हे तुमच्यापैकी थोड्यांनाच आठवत असेल. मी जळगावला मामाकडे राहून शिकत होतो. त्या वर्षी वडील आजारी पडले, कापूस वेचणीला आला होता, मजुरी परवडत नव्हती. शाळेला कुणी काही कळवले नाही. त्या रविवारी सकाळी शेतात वेचणी करताना बांधापलीकडून आवाज आला आणि मी कापसाच्या गाठोड्यामागे लपलो. सर वडिलांशी खाटेवर बसून तासभर बोलले. मला एक शब्द बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "उद्या नको, पण सोमवारी तेरा तारखेला ये. तोवर वेचणी आटपेल." मी तेरा तारखेला वर्गात होतो. माझ्यापुरतेच हे घडले, असे मी चाळीस वर्षे समजत होतो. वहीत साठ नोंदी होत्या.

तुमच्यापैकी काहींना आठवेल, सरांनी आपल्याला सहलीला धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात नेले होते. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाने ही संस्था निघाली. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली काढून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. आपण तिथे काचेला नाक लावून कंटाळलो होतो. सर तेव्हा जे सांगत होते त्याचा मथितार्थ मला धुळ्याच्याच गॅरेजमध्ये कळला. जुना कागद मिळाला की आधी तो आहे तसा ठेवायचा. त्यावर आपली अक्कल नंतर चालवायची. आणि कागद कशात गुंडाळलेला होता, कुठे ठेवलेला होता, हेही बघायचे.

ही वही त्या गाडीत ठेवलेली होती. मित्र चहा पिऊन आला तेव्हा मी खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसत होतो. त्याने वही वाचली. त्याच्याही गावाची नोंद होती, 1981 ची. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भरीत करायला सांगतो घरी." हिरव्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात आणि मिरचीचा ठेचा. रात्री साडेनऊला धुळ्याच्या थंडीत शेकोटीशेजारी बसून आम्ही गाडीचे काय करायचे ते ठरवले.

नियम एकच ठेवला. कापायचे काही नाही, वेल्डिंग काही नाही. जे लावू ते नट-बोल्टाने लावू, आणि उद्या कुणाला काढायचे झाले तर पाना घेऊन तासाभरात मूळ गाडी परत मिळाली पाहिजे. रुंद हँडल लावले, त्यामुळे क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर आणि डिकॉम्प अशा चारही केबल लांब घ्याव्या लागल्या. जुने हँडल कापडात गुंडाळून ठेवले. लांब सीट काढून स्प्रिंगची एकटी सीट बसवली. गंमत अशी की पोरे ज्याला क्रूझरची सीट म्हणतात, तशीच स्प्रिंगची सीट 1950 च्या दशकातल्या बुलेटला असायची. म्हणजे नवे करता करता आम्ही मागे गेलो.

टाकी आतून साफ केली, पण बाहेरून रंगवली नाही. काळ्या रंगाखाली एका कोपऱ्यात हिरवा दिसतो, त्याखाली लाल. आरसी बुकात सरांच्या आधी दोन मालक आहेत, एक ठेकेदार आणि एक डॉक्टर. तीन मालक, तीन रंग. हिशेब जुळतो.

जानेवारीत काकू मुलासोबत गाडी बघायला आल्या. सगळे बघून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, "मागे कुणी बसायचं नाही का?" आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी कॅरिअरवर मागच्या माणसासाठी वेगळी गादी बसवली. साडीची जाळी तर आम्ही काढलीच नव्हती.

कागदपत्रांना इंजिनाहून जास्त वेळ लागला. मालक हयात नसल्याने आधी वारसाच्या नावावर 31 नंबरचा फॉर्म, मग विक्रीचे 29 आणि 30, नूतनीकरणाचा 25. उशिराचा दंड भंगारवाल्याच्या भावापेक्षा जास्त झाला. पण 'एमएच' यायच्या आधीचा तो जुना नंबर पाटीवर तसाच राहिला.

पहिल्यांदा गाडी सुरू केली ती चाचांनी सांगितल्याप्रमाणे. किक हलकेच दाबत अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प दाबून किक किंचित पुढे सरकवायची, सोडायची, आणि मग शरीराचे सगळे वजन टाकायचे. चुकले तर किक उलटी येऊन घोटा फोडते. चौथ्या प्रयत्नाला ती धडधडली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाडीची सवय असल्याने मी पहिल्याच वळणावर ब्रेक समजून गिअर दाबला.

आता मूळ मुद्दा. वहीत एका गावाचे नाव तीनदा आले आहे. रावेर तालुक्यातले गाव, 1982 च्या नोव्हेंबर, डिसेंबर आणि 1983 च्या जानेवारीतल्या तीन तारखा. तिन्हींपुढे जागा रिकामी. कोण ते आपल्या वर्गाला लगेच कळेल. गणितात पहिला येणारा, माझ्या बाकावरचा. तो परत आला नाही. दहावीच्या फोटोत तो नाही, आणि म्हणून आपल्या संमेलनाच्या यादीतही कधी नव्हता. यादी आपण दहावीच्या हजेरीपटावरून केली. दहा वर्षांपूर्वीची यादी मीच टाइप केली होती.

फेब्रुवारीत मी त्याच्या गावी गेलो. भुसावळ, फैजपूर, सावदा. 1936 साली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन ते फैजपूरचे, हे सरांनी शिकवलेले एक वाक्य मला अजून पाठ आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, हवा गार. तो बागेतच भेटला. आवाज ऐकून वाकलेला सरळ झाला आणि गाडीकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही. "सरांची ना?" एवढेच म्हणाला.

वही त्याला दाखवली. त्याने तिन्ही तारखांवर बोट ठेवले. "दोनदा मी घरात असून बाहेर आलो नाही. तिसऱ्यांदा बापाने सरांना बोलू दिलं नाही." संमेलनाला ये म्हटले तर म्हणाला, "मी कुठे पास झालो? मी कसा माजी विद्यार्थी?" मी त्याला सांगितले की यादी चुकली होती आणि ती मी केली होती. त्यावर तो काही बोलला नाही. निघताना केळीचा घड कॅरिअरला बांधून दिला.

यंदा चाळीस वर्षे झाली. समितीने या वेळी यादी पाचवीच्या प्रवेशापासून केली आहे. मधेच शाळा सुटलेले अकरा जण सापडले, त्यांतल्या सात जणांनी येतो म्हणून कळवले आहे. आपला गणितवाला त्यांत आहे. आदल्या दिवशी मी त्याला आणायला जाणार आहे. मागची गादी त्यासाठी उपयोगी पडेल.

वही संमेलनाच्या दिवशी सभागृहात टेबलावर ठेवलेली असेल, काकूंच्या परवानगीने. आपापल्या गावाचे नाव शोधा. हात स्वच्छ पुसून पाने उलटा आणि कृपा करून तिच्यावर काही लिहू नका. त्या तीन रिकाम्या जागांपुढे खूण करावी, असे मलाही एकदा वाटले होते. पण तो सरांचा कागद आहे. आपण आपली खूण यंदाच्या हजेरीपटावर करू.